एकसारखा उजेड

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका फ्रिजला कपाळ टेकवून उभे होते.

मुलाखतीची वेळ सकाळी अकराची होती. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जांभ्या दगडाची एक शेड, बाहेर पाटी नाही, आत अॅक्रिलिक कापल्याचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. कोपऱ्यात जुना पांढरा फ्रिज होता. त्याच्या दाराला रुपयाएवढं भोक पाडलेलं होतं आणि त्या भोकाला उजवा डोळा लावून साठीचे एक गृहस्थ उभे होते. मी "सर" म्हणाले. त्यांनी मागे न बघता हात वर केला. मी थांबले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

"या. इथे बघा आणि सांगा, कुठे कमी आहे."

मी डोळा लावला. आत मागच्या बाजूला एक पांढरी पाटी उजळलेली होती. साय न धरलेल्या दुधासारखी.

"कुठेच कमी नाही, सर."

"घाई केलीत."

मी पुन्हा बघितलं. आता डावीकडे वर, अगदी कोपऱ्याजवळ, उजेड थोडा दमल्यासारखा वाटला. तसं सांगितलं.

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा."

"उद्यापासून या," सर म्हणाले आणि पुन्हा डोळा लावला. डिप्लोमाची मार्कलिस्ट मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेली होती. ती त्यांनी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

आम्ही उजेडाच्या पाट्या बनवायचो. वजनकाट्याच्या आकड्यांमागे, लिफ्टच्या बटणांमागे, दवाखान्यातल्या यंत्रांच्या पडद्यांमागे प्लास्टिकचा एक पातळ तुकडा असतो. एलईडी असतात त्याच्या कडेला, आणि उजळायचा असतो त्याचा चेहरा. कडेने शिरलेला उजेड प्लास्टिकच्या आतल्या आत आपटत पुढे जातो, बाहेर येत नाही. त्याला बाहेर काढायचं तर मागच्या बाजूला बारीक टिंबं कोरावी लागतात. टिंब आलं की उजेड तिथे अडखळतो आणि समोरून बाहेर पडतो. सगळी विद्या त्या टिंबांत आहे. दिव्याजवळ टिंबं लहान आणि विरळ ठेवायची, लांब जाल तशी मोठी आणि दाट करत न्यायची. हे चुकलं तर दिव्याजवळ सगळं उधळून होतं आणि टोकाला अंधार राहतो.

हे सगळं सरांनी मला एका वाक्यात शिकवलं. "पंगतीला वाढायला गेलीस की सुरुवातीला हात आखडता ठेव."

ते नुसतं म्हणत नसत, करतही असत. संगमेश्वरजवळच्या त्यांच्या गावी पुतणीचं लग्न होतं. जिलबीचं ताट सरांच्या हातात आलं. पंगतीच्या तोंडाशी नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. सरांनी त्यांना अर्धी जिलबी वाढली. पुढच्यालाही अर्धी. पुढे पुढे एक, दीड, आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या मंडपवाल्याला तीन. मामा पानावरून उठायला निघाले. समजूत घालायला चार माणसं धावली. सर शांतपणे ताट घेऊन परत आले आणि म्हणाले, "शेवटपर्यंत पुरली." त्यांच्या बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना हसू येत नव्हतं. मामा अजूनही त्यांच्या घरी येत नाहीत.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही शेडमधले सगळे त्यांना बाईच म्हणायचो. सर मुंबईत तीस वर्षं गाड्यांच्या स्पीडोमीटरमागचे उजेड बनवत होते, तेव्हा बाई इकडे एकट्या होत्या. सर कायमचे परत आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंनी घातलेलं घावन ताटातून उचललं आणि खिडकीकडे धरून त्यातून बघितलं.

"मधे जाड आहे," सर म्हणाले.

"खायचंय ते," बाई म्हणाल्या.

त्यांनी खाल्लं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

गावात कुठेही उजेड वेडावाकडा दिसला की सरांचं पाऊल पुढे पडायचं नाही. राम आळीत एका कापडदुकानाची नवी पाटी लागली होती. तिच्यात शेवटची दोन अक्षरं मंद होती. सर दुकानात शिरले. मालकाला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्याने गादीवर चार शर्टपीस टाकले.

"तुमच्या पाटीची डोकी दिसतायत," सर म्हणाले.

"कुणाची डोकी?"

"दिव्यांची. मधल्या अक्षरांत एकेक दिवा मोजता येतो. आणि शेवटी काही पोचतच नाही."

"पण वाचता येते ना?"

वाचता येतं हे कारण सरांनी आयुष्यात कधी मान्य केलं नव्हतं. त्यांनी एक शर्टपीस विकत घेतला, आणि पुढच्या रविवारी शिडी घेऊन गेले. पाटी दुरुस्त झाली. मालकाला फरक कळला नाही. तो म्हणाला, "आधीपण चांगलीच होती."

सरांच्या तोंडून चांगलं झालं आहे असं मी कधी ऐकलं नाही. उत्तम पाटी बनली की ते "चालेल" म्हणत. त्याहून उत्तम बनली तर काहीच म्हणत नसत, पुढची मागत. 'एकसारखा' हा शब्द तर त्यांनी शेडमध्ये वापरायलाच बंदी केली होती. "एकसारखं काही नसतं. कुठे कमी आहे ते शोधायचं, नि ते किती ते सांगायचं." त्यासाठी उजेड मोजायचा मीटर होता. पाटीवर तीन आडव्या ओळी, तीन उभ्या, नऊ जागा. नऊही जागी मीटर टेकवायचा, सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याशी ताडून बघायचा. पण आधी डोळा. फ्रिजमध्ये पाटी लावायची, दार बंद करायचं, भोकातून बघायचं. वेगळी अंधारखोली त्यांनी बांधली नव्हती. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, फ्रिजला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोळा आणि मीटर भांडले तर सर डोळ्याच्या बाजूने उभे राहत. "गिऱ्हाईक मीटरने बघत नाही," ते म्हणत.

आमच्याकडे लेझरवर नसीमाताई होती. साखरतरची. नवरा कतारला, दोन मुली शाळेत. टिंबं कोरायचं काम तिचं. सरांना तोंडावर उत्तर देणारी शेडमधली ती एकटीच. सर तिच्या मशीनजवळ फार वेळ उभे राहिले की ती मशीन बंद करायची आणि म्हणायची, "तुम्ही करता का मी करू?" सर निमूटपणे बाजूला व्हायचे.

माझं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा पुण्याच्या एका कंपनीची ऑर्डर आली. एक्स-रे बघायच्या पेट्या. डॉक्टर फिल्म ज्याच्यावर लावून बघतात तो पांढरा उजेड. छोट्या दवाखान्यांसाठी दोनशे पाट्या. सर त्या दिवशी पहिल्यांदा मला खुशीत दिसले, म्हणजे त्यांनी दुपारचा डबा वेळेवर उघडला.

"हे स्पीडोमीटर नाय," ते मला म्हणाले. एरवी सर पुस्तकी बोलत, मनापासून बोलताना त्यांचं गाव बाहेर यायचं. "इथं पाटीवर डाग राहिला तर डॉक्टरला वाटेल पेशंटच्या छातीत डाग हाय."

टिंबांची मांडणी आम्ही दोघांनी महिनाभर बसून केली. पहिली पाटी बनली. मी नऊ जागी मीटर टेकवला. एवढे जवळजवळचे आकडे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. सरांनी फ्रिजला डोळा लावला.

"मधे डाग आहे," ते म्हणाले. "मधोमध नाही, जरा डावीकडे. राखाडी."

मी बघितलं. मला दिसला नाही. पण मला सुरुवातीपासूनच कमी दिसायचं, म्हणून मी "हो सर" म्हणाले. या "हो सर"ची मला नंतर फार लाज वाटली.

आम्ही मधली टिंबं बदलली. डाग राहिला. एलईडी बदलले. राहिला. मागचा पांढरा कागद बदलला, अॅक्रिलिकचा लॉट बदलला, बेळगावहून दुसरं मागवलं. डाग तिथेच. पाट्या बनत होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहत होत्या. पुण्याचे खरेदीवाले साहेब दर दोन दिवसांनी फोन करायचे.

"मीटरचे आकडे तर तुम्हीच पाठवलेत," ते म्हणायचे. "आमच्या मागणीपेक्षा चांगले आहेत. पाठवून द्या ना."

"डाग आहे," सर म्हणायचे.

"आम्हाला चालेल."

"मला चालणार नाही," आणि फोन बंद.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला सांगितलं की पुढच्या सोमवारी माल निघाला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. मी ते सरांना सांगितलं. ते लेझरजवळ गेले आणि एक कोरलेली पाटी उजेडाकडे धरून म्हणाले, "नसीमा, तुझ्या टिंबांची रांग वाकली आहे."

नसीमाताईने मशीन बंद केलं. पाटी घेतली, टेबलावर ठेवली, स्टीलची पट्टी आणली, रांगेला लावली. सगळी टिंबं पट्टीला चिकटून सरळ. तिने पट्टी दुसऱ्या रांगेला लावली. तिथेही तेच.

"कुठे वाकली, सर?"

सर खाली वाकले. डावा डोळा मिटून, उजव्याने नेम धरल्यासारखं बघितलं. "पट्टी वाकली आहे," ते म्हणाले.

नसीमाताईने पट्टी उचलून ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं. सर गेल्यावर मला बाहेर पत्र्याखाली घेऊन गेली.

"काय गो, पट्टी कधी वाकलेली बघितलीस?"

"नाही."

"माझ्या सासऱ्यांना दाराची चौकट वाकडी दिसायची. सगळे हसायचो आम्ही. सुतारसुद्धा बोलवला होता त्यांनी. मग ती नजर गेली ती गेलीच." ती ओढणीने हात पुसत राहिली. "तू सांग. तुझं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"माझं त्याहून कमी ऐकतात."

ज्यांनी मला बघायला शिकवलं त्या माणसाला तुमच्या डोळ्यात दोष आहे हे कसं सांगायचं, याचा विचार करत मी दोन दिवस घालवले. शेवटी शनिवारी सकाळी सर चहा घेत होते तेव्हा मी फ्रिज उघडला, आतली पाटी अर्धी फिरवून, खालची कड वर करून पुन्हा लावली आणि दार बंद केलं.

"सर, जरा बघता?"

सरांनी डोळा लावला. "आहे की. तिथेच. मधे, जरा डावीकडे."

"मी पाटी उलटी लावली आहे, सर."

ते दारापासून हलले नाहीत.

"मला न सांगता?"

"हो."

"डाग पाटीचा असता तर उजवीकडे गेला असता," सर म्हणाले. हे ते मला शिकवत होते की स्वतःला, ते कळलं नाही. मग म्हणाले, "फ्रिजच्या आत काही असेल."

"डाव्या डोळ्याने बघा."

"डाव्याला जास्त नंबर आहे. मी उजव्यानेच बघतो."

"तरी बघा, सर."

नसीमाताईने मशीन बंद केलं. सरांनी चष्मा सारखा केला, मान दुसऱ्या बाजूला नेली आणि डावा डोळा भोकाला लावला. इतकी वर्षं त्या दारावर एकाच बाजूला कपाळ टेकून टेकून एक मळकट गोल पडला होता. या बाजूला दार स्वच्छ होतं.

"एकसारखा आहे," सर म्हणाले.

तीन वर्षांत एखाद्या पाटीबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकून मला रडू आलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिंतीकडेच्या सगळ्या पाट्या पुन्हा मोज. सोमवारी टेम्पो सांग." मग खुर्चीवर बसले, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. समोर खिडकीचे गज होते. ते एकेक गज बघत होते.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी कोल्हापूरला जायला सांगितलं. मंगळवारी बाई आणि मी बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सरांच्या हातात रेघांच्या जाळीचा एक कागद दिला आणि म्हणाल्या, "काका, मधल्या टिंबाकडे बघायचं आणि कुठे रेघा वाकड्या दिसतात ते सांगायचं."

सरांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आदल्या दिवशी घरी बसून त्यांनी आलेखाच्या कागदावर स्वतःचा डाग उतरवला होता. किती काळा, कुठे काळा, कडेला कसा विरत जातो, सगळं. प्रत्येक चौकोनात आकडा.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद उजेडाखाली धरला. "हे कुणी काढलं?"

"तुमच्या जाळीच्या रेघा जाड आहेत," सर म्हणाले. "बारीक फरक कळत नाही."

"अहो," बाई म्हणाल्या.

"त्या विचारतायत म्हणून सांगतोय."

डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झालं होतं. नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून ते झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, जे गेलं आहे ते सगळं परत येईल असं नाही, पण पुढचं थांबवता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अजून महिनाभर तसंच काढलं असतं तर थांबवायलाही फारसं उरलं नसतं.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "डावा?"

"डावा आत्ता चांगला आहे. पण लक्ष ठेवायचं."

परत येताना आंबा घाटात गाडी थांबवली. बाई चहा घ्यायला उतरल्या. सर मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी लावून बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सर, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला पहिल्या दिवसापासून डाग दिसत नव्हता. मी उगाच हो म्हणाले."

"ते वाईट केलंस," सर म्हणाले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. मग म्हणाले, "यापुढे फ्रिजला डोळा तू लावायचा. आणि मी विचारलं तरी हो म्हणायचं नाही."

दोनशे पाट्या गेल्या. पुण्याहून तक्रार आली नाही. कौतुकही आलं नाही. ते येत नसतंच, उजेड नीट असला की तो कुणाच्या लक्षात येत नाही.

सर सहा इंजेक्शनांनंतर पुन्हा शेडमध्ये येऊ लागले. डाग वाढायचा थांबला होता, गेला नव्हता. ते टेबलाशी बसायचे, कागदावर टिंबांची मांडणी सांगायचे, मी कॉम्प्युटरवर उतरवायचे. तपासणी माझी. माझा शब्द शेवटचा, हे त्यांनी नसीमाताईसमोर जाहीर केलं होतं आणि पाळलंही. मी एकदा त्यांची मांडणी चुकीची ठरवली तेव्हा ते फक्त "किती?" म्हणाले.

दिवाळीच्या आधी त्यांनी चार घड्यांचा तो कागद पुढ्यात ठेवून मला एक मांडणी दिली. आकार एक्स-रेच्या पाटीचाच, पण मधे, जरा डावीकडे, टिंबं एकाएकी दाट होत गेली होती. मी म्हणाले, "सर, इथे गठ्ठा झालाय. इथून उजेड फार बाहेर पडेल."

"पडू दे. बनव."

नसीमाताईनेही विचारलं, तिलाही तेच उत्तर मिळालं. पाटी बनली. सरांनी पेनाने मधोमध एक काळं टिंब काढलं, पाटी स्वतःच्या हाताने लावली, आणि माझ्याकडे बघितलं. मी आधी डोळा लावला, कारण आता तो नियम होता.

"मधे पांढरा फुगवटा आहे, सर. टिंबाच्या डावीकडे. डोळ्यांवर येतोय. पाटी बाद."

"बरोबर," सर म्हणाले. "सरक."

त्यांनी उजवा डोळा लावला. मी किती वेळ ते मोजलं नाही. नसीमाताईचं अॅक्रिलिकचं एक पूर्ण पान कोरून झालं, तिने दुसरं चढवलं. सरांची मान हलत नव्हती, त्या काळ्या टिंबावर नजर धरून ठेवायची तर हलवून चालणार नव्हतं.

"काय दिसतंय, सर?" शेवटी मी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "डाग नाही."

मी बाद झालेल्या पाट्यांचा खोका पुढे ओढला आणि फ्रिजचा दांडा धरला.

"बाद आहे, कबूल," सर दाराला टेकलेले तसेच म्हणाले. "पण खोक्यात उद्या टाक."